अठराव्या टर्नला सोडलेला डाव

त्या दिवशी आमच्या फॅन्टसी स्ट्रॅटेजी गेमच्या ‘कठीण’ पातळीची चाचणी होती. खेळायला आलेला मुलगा असे गेम कोळून प्यायलेला, आणि मी वही घेऊन त्याच्या मागे बसलेली. १८व्या टर्नला, म्हणजे अठराव्या पाळीला, त्याने डाव सोडून नवा नकाशा घेतला. पुढचा डाव १४व्या टर्नला सोडला, त्यानंतरचा २१व्याला. शत्रूचा एक सैनिकही तोवर त्याच्या नजरेस पडला नव्हता.

“हरलास का?”

“हरलो नाही ताई, पण आता जिंकणार नाही हे कळलं. मग उरलेले दोनशे टर्न कशाला खेळू?”

चौथ्या डावात मी फक्त त्याच्या माउसवर लक्ष ठेवलं. राजधानीपासून नकाशावरच्या सहा घरांवर नदीकाठची सुपीक जमीन, शेजारी लोखंडाची खाण. नवं शहर वसवणारे सेटलर निघाले, सोबत भालाईतांची एक तुकडी. नदीच्या अलीकडे लांडग्यांची गुहा. माउस भालाईतांवर गेला, लांडग्यांवर गेला, पुन्हा भालाईतांवर आला. भालाईतांची ताकद ६, लांडग्यांची ९. त्याने वाट वाकडी करून दलदलीतून नेली, त्यात तीन टर्न गेले, आणि बाहेर पडता पडता लांडग्यांनी गाठलंच. त्या सेटलरांसाठी राजधानीने आठ टर्न दुसरं काहीही बांधलं नव्हतं.

या प्रकारच्या गेममध्ये सुरुवातीचे आठ टर्न फार महाग असतात. दुसरं शहर लवकर उभं राहिलं की तिसऱ्याचे सेटलर ते पाठवतं, तिसरं चौथ्याचे. चक्रवाढ व्याजच ते. मागे पडलेल्याला ही दरी शंभराव्या टर्नलाही भरून काढता येत नाही, आणि मुरलेल्या खेळाडूला ते विसाव्यालाच दिसतं.

लांडग्यांची मूळ ताकद ६ होती. मग ९ आली कुठून? आकड्यांची फाइल उघडली तर कठीण पातळीचा दीडपट गुणक खेळाडू सोडून सगळ्यांनाच लागत होता, रानातल्या श्वापदांनासुद्धा. त्यात कॉम्प्युटरच्या सेटलरांवर हीच श्वापदं पहिले तीस टर्न हल्लाच करत नव्हती. म्हणजे खेळाडू कोंडलेला आणि सगळी मोकळी जमीन कॉम्प्युटरची.

आमचा प्रोग्रामर म्हणाला, “अगं, ‘सिव्हिलायझेशन ६’ या गेममध्ये सर्वांत वरच्या पातळीवर कॉम्प्युटरला सुरुवातीलाच तीन सेटलर मिळतात. आपल्याला एक. तरी लोक खेळतातच ना?” खेळतात. पण तिथला खेळाडू मागून सुरुवात करतो, आमचा घरातून बाहेरच पडू शकत नव्हता. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दुपारी श्वापदांचा गुणक काढून टाकला. पुढच्या डावात ६०व्या टर्नपर्यंत त्या मुलाची अकरा शहरं झाली आणि तो जांभया देऊ लागला. मोकळं रान मिळालं की जमेल तितकी शहरं पेरणं हाच एक डावपेच उरतो. यावर जुना उपाय आहे. २००५च्या ‘सिव्हिलायझेशन ४’ने शहरांच्या संख्येबरोबर आणि राजधानीपासूनच्या अंतराबरोबर देखभालीचा खर्च वाढवला, म्हणजे घाईने पसरणाऱ्याचा खजिना आटतो. आम्हीही शहरागणिक खर्च चढता ठेवला. श्वापदांचा गुणक अंतरावर बांधला: राजधानीभोवतीच्या सात घरांत मूळ ताकद, त्यापलीकडे पातळीनुसार वाढती. पहिली वस्ती प्रत्येकाच्या आवाक्यात, तिसरीसाठी मात्र सैन्य हवं.

संध्याकाळच्या डावात ४३व्या टर्नला शत्रूने त्याचं नदीकाठचं शहर घेतलं. खाणही गेली. माझी पेन्सिल वहीवर तयार होती. तो खुर्ची पुढे ओढून नकाशावर वाकला आणि म्हणाला, “ताई, जायची वेळ झालीय माहितीय, पण अजून पाच टर्न खेळू द्या. खाण परत घेतो.”

मी दिवे चालू ठेवले. कॉम्प्युटरच्या वाटेवरचे लांडगे अजूनही पहिले तीस टर्न गप्पच बसतात. ते उद्याचं पहिलं काम, असं वहीत लिहून ठेवलं.