‘कशावरून?’ : तिसरी-चौथीच्या मुलांना वाचलेलं समजायला शिकवताना

‘झिंपूने टोकऱ्यात भुरळा लोटला.’ या वाक्यावर तीन प्रश्न विचारा. भुरळा कोणी लोटला? झिंपूने भुरळा कुठे लोटला? झिंपूने काय लोटलं? तिसरीतलं अडखळत वाचणारं मूलही तिन्ही उत्तरं बरोबर देईल, आणि वाक्याला तर काडीचाही अर्थ नाही. ‘कोणी’ विचारलं की ‘-ने’ लागलेला शब्द शोधायचा, ‘कुठे’ विचारलं की ‘-त’ लागलेला. धड्याखालची ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ बरीच मुलं अशीच सोडवतात आणि वही तपासताना त्यावर बरोबरची खूण होते.

धडा वाचून घेणं आणि खालचे प्रश्न विचारणं ही आकलनाची परीक्षा झाली. आकलन शिकवणं हे वेगळं काम आहे. अमेरिकेत वाचनाच्या अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी चौथीच्या वर्गांत बसून मिनिटांचा हिशोब ठेवला होता, तो १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनाच्या तासांची सुमारे साडेचार हजार मिनिटं पाहिली, त्यात समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेलेली जेमतेम २० निघाली. बाकीचा वेळ प्रश्न, स्वाध्याय आणि सूचना. आपल्या तासिकेचा हिशोब मांडला तर चित्र फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

सुरुवात करण्याआधी एक तपासणी करायलाच हवी. मूल अडलंय कुठे? ८०-१०० शब्दांचा उतारा त्याला मोठ्याने वाचू द्या, मग पुस्तक मिटून ‘काय झालं ते सांग’ म्हणा. सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तितक्याच अवघडपणाचा दुसरा उतारा आपण वाचून दाखवा आणि पुन्हा सांगायला लावा. ऐकून सांगता येत असेल, तर मुलाला समजतंय. त्याची सगळी ताकद जोडाक्षरं आणि रफार फोडण्यात खर्च होतेय, तेव्हा त्याला अक्षरं आणि ओघाचा सराव हवा. ऐकूनही सांगता येत नसेल, तर अडचण शब्दांची, वाक्यरचनेची किंवा विषयाच्या माहितीची आहे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं उद्दिष्ट आहे. घाईत त्यातलं ‘अर्थासह’ गळून पडतं आणि मुलं घड्याळाशी शर्यत लावतात. ओघ कमी असलेल्या मुलांना आकलनाच्या तासिकेतून वगळू मात्र नका. त्यांच्यासाठी उतारा वाचून दाखवा, चर्चेत ती बरोबरीने हवीत.

आता प्रत्यक्ष शिकवणं. फळ्यावर हा उतारा लिहा:

‘दुपारी आभाळ भरून आलं. आजीने अंगणातल्या कुरडया घाईघाईने आत नेल्या. मंदा शाळेतून आली तेव्हा तिच्या वेण्यांतून पाणी निथळत होतं. ती चुलीपाशी जाऊन बसली. आजीने तिला सुंठ घातलेला चहा दिला. मग दप्तर उघडून एकेक वही चुलीच्या कडेला उभी करून ठेवली.’

यात ‘पाऊस’ हा शब्द कुठेही नाही, तरी पाऊस पडलाय. पहिल्या दिवशी मुलांना काहीही विचारायचं नाही. आपण वाचायचं, तीन ठिकाणी थांबायचं आणि डोक्यात जे चाललंय ते मोठ्याने बोलायचं. ‘कुरडया आत नेल्या. का बरं? वाळत घातल्या असणार. आभाळ आलंय, भिजतील म्हणून नेल्या. पाऊस पडेल असं आजीला वाटतंय. पण अजून पडला का? तसं लिहिलेलं नाही. पुढे बघू.’ वेण्यांपाशी पुन्हा थांबायचं: ‘पाणी निथळतंय, म्हणजे वाटेत पावसाने गाठलं.’ तिसऱ्यांदा वह्यांपाशी. तीनाहून जास्त थांबे घेतले की गोष्टीचा धागा तुटतो, आणि हे बोलणं दहा मिनिटांपलीकडे गेलं की मागच्या रांगा गळतात. थांबायच्या जागा आदल्या दिवशी पेन्सिलीने खुणा करून ठरवाव्यात. ऐन वेळी ठरवल्या की हमखास चुकतात, कारण आपल्याला उतारा इतका सोपा वाटतो की मूल कुठे अडेल ते दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी याच उताऱ्यावर मुलांना बोलतं करायचं, आणि इथे मराठीतला एक शब्द फार उपयोगी आहे: ‘कशावरून?’ ‘मंदा भिजली होती.’ कशावरून? ‘वेण्यांतून पाणी निथळत होतं.’ ‘वह्यासुद्धा भिजल्या होत्या.’ कशावरून? इथे मुलं थबकतात. फळ्यावर दोन रकाने करा: ‘उताऱ्यात दिसलं’ आणि ‘मला ठाऊक होतं’. पहिल्यात ‘वह्या चुलीच्या कडेला उभ्या ठेवल्या’, दुसऱ्यात ‘ओली वस्तू चुलीपाशी वाळते’. दोन्ही रकाने भरले तरच अनुमान मान्य. फक्त दुसरा भरला तर ती नुसती अटकळ, फक्त पहिला भरला तर ती उताऱ्याची नक्कल. बरोबर उत्तरालाही ‘कशावरून’ विचारा. चुकलेल्यालाच विचारलं तर आठवड्याभरात मुलं तो शब्द ‘चूक’ या अर्थी ऐकू लागतात आणि प्रश्न आला की उत्तर बदलतात.

तिसऱ्या दिवशी नवा उतारा, जोड्यांनी. चौथ्या दिवशी आणखी नवा, एकट्याने. उतारा न बदलता चार दिवस तोच ठेवला, तर मुलं पद्धत शिकत नाहीत, त्या उताऱ्याची उत्तरं पाठ करतात. एका कौशल्याला किमान दोन-तीन आठवडे द्या. सोमवारी अंदाज, मंगळवारी सारांश असं वेळापत्रक केलं की काहीच मुरत नाही.

याच उताऱ्यात आणखी एक सापळा आहे. दप्तर कोणी उघडलं? पुष्कळ मुलं ‘मंदाने’ म्हणतील, कारण दप्तर तिचं. शेवटच्या वाक्यात कर्ता नाहीच, तो आधीच्या वाक्यातून ओढून आणावा लागतो. मराठी वाचताना तिसरी-चौथीची पुष्कळ मुलं इथे अडखळतात, आणि यासाठी स्वतंत्र सराव क्वचितच दिला जातो. ‘ते म्हणाले’ वाचलं की मुलांना वाटतं बरेच जण बोलले, प्रत्यक्षात ते एकटे गुरुजी असतात. ‘त्यांना’ म्हणजे पुष्कळांना की आदराने एकाला? ‘आपण’ म्हणजे आपण सगळे की समोरचा वडीलधारा? उपाय साधा आहे. उताऱ्याची छायाप्रत द्या, प्रत्येक ‘तो, ती, ते, त्या, त्यांना’भोवती गोल करायला सांगा आणि तिथून खऱ्या नावापर्यंत बाण काढायला लावा. ‘उघडून’, ‘जाऊन’, ‘बसल्यावर’ यांच्याखाली रेघ मारून वर कर्त्याचं नाव लिहायचं. ‘ज्या घरासमोर पिंपळ होता, त्या घरात कोणी राहत नव्हतं’ अशी वाक्यं दोन सुट्या वाक्यांत फोडून घ्या. एका उताऱ्यात सहा ते आठ बाण पुरतात.

अंदाज, प्रश्न, अडलेलं सोडवणं आणि सारांश या चार कामांच्या पाळ्या लावून गटात वाचण्याची पद्धत पॅलिंक्सर आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये मांडली, आणि ती चांगलीच आहे. पण त्यांच्या अभ्यासातली मुलं सातवीची होती. तिसरीत चारही भूमिका एकदम वाटल्या की मुलं आपली पाळी सांभाळतात आणि उतारा राहून जातो. एकेक काम वेगळं रुजवून चौथीच्या दुसऱ्या सत्रात ती एकत्र आणावीत. अंदाजाबद्दल एक इशारा: चित्र दाखवून ‘काय होईल?’ हा खेळ पंधरा मिनिटं रंगतो आणि वाचायला वेळच उरत नाही. दोन अंदाज फळ्यावर लिहा, वाचून झाल्यावर त्यांच्याकडे परत या, कुठल्या वाक्याने कोणता अंदाज मोडला ते मुलांना दाखवू द्या. परत न गेलेला अंदाज वाया जातो.

सारांश सांगा म्हटलं की मुलं पहिलं वाक्य उतरवतात किंवा अख्खी गोष्ट ‘मग, मग, मग’ करत सांगतात. गोष्टीसाठी चार बोटं धरा: कोण होतं, त्याला काय हवं होतं, काय आडवं आलं, मग त्याने काय केलं. एका बोटाला एकच वाक्य. मंदाच्या उताऱ्याला ही चार बोटं नीट लागत नाहीत, कारण तिथे कोणाला काही हवंच नाही. असे उतारे सारांशासाठी घेऊ नयेत.

परिसर अभ्यासातल्या माहितीपर मजकुराला बोटांची युक्ती चालत नाही, आणि तिथे मुलाची आधीची माहितीच आडवी येते. ‘देवमासा सस्तन प्राणी आहे, तो पिल्लांना दूध पाजतो’ असं वाचूनही ‘देवमासा कोण?’ विचारलं की उत्तर येतं ‘मासा’. नावातच मासा आहे, मुलाचा काय दोष! अशा वेळी वाचण्याआधी ‘मला वाटतं’ हा रकाना भरून घ्या आणि वाचल्यावर शेजारी ‘उतारा काय म्हणतो’ हा. दोन्ही जुळत नसतील तिथे फुली मारायची, आणि चर्चा फक्त फुल्यांवर.

उत्तर कुठल्या भाषेत आलं याने आकलन ठरत नाही. अहिराणीत, वऱ्हाडीत दिलेलं उत्तर बरोबर असेल तर ते बरोबरच धरा, प्रमाण रूप नंतर लिहिताना शिकवता येतं. घरी कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना आधी आपल्या भाषेत आपसांत बोलू द्या. मराठीतच बोला असा आग्रह धरला की जे समजलंय तेही तोंडातून निघत नाही. अपरिचित शब्दांपैकी वाचण्याआधी तीनच सांगा, ज्यांच्यावाचून उतारा अडेल तेवढे. शंभर शब्दांत पाचाहून जास्त शब्द अनोळखी असतील, तर त्या दिवसासाठी तो उतारा बाजूला ठेवा.

नोंदीसाठी रोज चार मुलं पुरतात, ३० पटाच्या वर्गात आठ दिवसांत फेरी पूर्ण होते. मुलाने पुस्तक मिटून सांगायचं, आपण शून्य ते तीन गुण द्यायचे: काहीच नाही, सुटे तपशील, क्रमाने घटना, घटना आणि त्यांची कारणं. शेजारी ‘कशावरून’चं त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा. गुणापेक्षा ती ओळच पुढच्या आठवड्याचा उतारा निवडायला कामी येते: बाण चुकत असतील तर सर्वनामांचा, आणि ‘मला ठाऊक होतं’ रिकामं राहत असेल तर मुलांच्या गावातल्या, शेतातल्या, बाजारातल्या विषयाचा.