एक ग्रॅम

रविवार, रात्री साडेदहा

पाटल्या अजून ओट्यावरच पडल्यात. विट्याहून आल्यावर हात धुवायला काढल्या, त्या तिथंच. उचलून डब्यात ठेवाव्यात एवढंही होईना.

पंगतीत वहिनींनी माझं मनगट धरलं, पाटली जरा फिरवून बघितली आणि विचारलं, "वन्सं, एक ग्रॅमच्या का हो?" दोन्हीकडच्या बायका ऐकत होत्या. मी म्हणाले, "छे, सोन्याच्या आहेत. चार तोळ्यांच्या."

सरळ खोटं बोलले. सांगलीपर्यंत एसटीत तेच डोक्यात. वहिनींच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांचं माहेर विट्याचं, गलाईवाल्यांचं. देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेली ती माणसं, त्यांचा हात आपसूक दागिन्याकडं जातो. "हो, एक ग्रॅमच्या आहेत" म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

खऱ्या पाटल्या २०१९ च्या पुरानंतर मोडल्या. खणभागातलं दुकान, ह्यांचं ते गप्प बसणं, ते आज नको. सोनारानं गुलाबी कागदावर वजन लिहिलं, त्यातून घट वजा केली. आईनं हौसेनं करून घेतलेल्या नक्षीची घडणावळ कुठंच धरली नाही. तो कागद मी ठेवलाय.

त्याच दिवसांत चिखलात भिजलेल्या आमच्या दुकानाच्या वह्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. पानं चिकटू नयेत म्हणून एकेक सोडवताना मी आमचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. गाडीचा हप्ता, टीव्हीचा हप्ता, वास्तुशांतीसाठी काढलेलं कर्ज, त्याचा हप्ता. शिल्लक म्हणून लिहिलेलं एकही पान नव्हतं. लोक मात्र आम्हाला सुखवस्तू समजत होते, आणि आम्हीही.

दुकान सावरल्यावर सगळे म्हणाले, आता पाटल्या परत करा. मी पोस्टात जाऊन सरकारी सुवर्ण रोखे घेतले, म्हणजे कागदावरचं सोनं. कमीत कमी एक ग्रॅमचा मिळायचा. २०२० मध्ये पहिला घेतला तेव्हा ग्रॅमला पाच हजारांच्या आतबाहेर भाव होता. जमेल तेव्हा एक, दिवाळीला दोन. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर सरकारनं नवे काढलेच नाहीत, तोवर माझे २६ ग्रॅम झाले. वर्षाला अडीच टक्के व्याज, ते दर सहा महिन्यांनी खात्यात येतं. घडणावळ नाही, घट नाही, लॉकरचं भाडं नाही. आठ वर्षं झाली की त्या वेळच्या भावानं पैसे. आज तोळा लाखाच्या कितीतरी वर गेलाय. सोनं धरून ठेवावं असं वहिनी नेहमी म्हणतात, ते काही चुकीचं नाही, मीही तेच केलंय.

पण सहा वर्षांत एकाही लग्नात कुणी माझ्या अंगावर काही बघितलं नाही. हळदीकुंकवाला जाताना पदर पुढं ओढून घ्यायचा. कुणी विचारलं तर 'लॉकरमध्ये आहे' म्हणायचं. कधीतरी फार एकटं वाटतं. एवढं जपून चालायचं आणि बघणाऱ्यानं बिचारी म्हणायचं. सोनं माझ्याजवळ होतं, ते दिसावं असं आज वाटलं. एवढंच झालं असेल.

असूदे. मनगटाला सवय झालीय.

एवढं लिहून निजणार होते, तर वहिनींचा मेसेज दिसला. नऊचाच होता. "पाटल्यांचा फोटो पाठवा. तशाच करून घ्यायच्यात. पतसंस्थेत दोन लाखांचं बोलणं झालंय, बाकीचं घरातलं घालू."

दादाच्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत. वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. दोन लाख, पाच वर्षं, चौदा टक्के. हप्ता ४,६५४. नुसतं व्याज ७९ हजारांच्या वर, शिवाय घडणावळ, ३ टक्के जीएसटी. माझ्या एका वाक्यापायी.

आधी लिहायला घेतलं, 'वहिनी, त्या पाटल्या', आणि पुसलं. पुन्हा तेवढंच लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी अकरा वाजत आले तरी फोनच लावला. म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोलले. एक ग्रॅमच्याच आहेत. खऱ्या पुराच्या वेळी मोडल्या."

त्या काहीच बोलल्या नाहीत. मागं टीव्ही चालू होता, तो आवाज लांब गेला. दार लोटल्यासारखं वाजलं.

मग एकदम हळू आवाजात विचारलं, "वन्सं, मग आता तुमच्याकडं आहे काय?"

मी रोख्यांची फाईल काढून आणली आणि पहिल्यापासून वाचायला लागले. मध्येच म्हणाल्या, "थांबा, पेन घेते."