तुम्ही विचारलंत म्हणून : घाट उतरून काळी नदीवरच का?

मलप्रभा आणि मार्कंडेय हाताशी असताना मी अणशी घाट उतरून कारवारच्या काळी नदीत मासे धरायला का जातो, आणि तिथे पोचल्यावरही निम्मी सकाळ होडीत नुसता बसून का असतो, हे बेळगावात भेटेल तो विचारतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, ते म्हणजे ओहोटी.

कणकुंबीला उगम पावलेली आपली मलप्रभा एकदा पूर्वेला वळली की कृष्णेला मिळेपर्यंत मागे वळून पाहत नाही. काळी मात्र कद्रा धरण ओलांडून समुद्राजवळ आली की दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरतीचे पाणी खारफुटीत शिरते तेव्हा कोळंबी आणि बारीक मासळीही त्याच्याबरोबर आत जाते. पाणी उतरू लागले की या सगळ्यांना अरुंद ओहळांतून बाहेर पडावेच लागते, आणि त्या ओहळांच्या तोंडाशी, एखाद्या खडकाच्या किंवा बुडालेल्या खोडाच्या आडोशाला, जिताडा हा शिकारी मासा (कारवारकडचा चोणक) प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. त्याला शोधत नदीभर फिरण्यात अर्थ नाही. योग्य ओहळ निवडावा, त्याच्या थोडे वरच्या अंगाला नांगर टाकावा आणि पाण्याला वेग येईपर्यंत थांबावे.

हा वेग कधी येणार हे तिथीवरून कळते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ तासांत निघते, हा मुंबईकडच्या कोळ्यांचा हिशेब आहे. कारवारच्या मुखाशी भरती मुंबईच्या थोडी आधी येते, पण नदीतून वर चढताना तिला पुन्हा उशीर होतो, त्यामुळे तोच हिशेब इथेही बऱ्यापैकी चालतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ चांगली असते, परंतु तेव्हा भरती दुपारच्या सुमारास होते आणि ओहोटी नेमकी पश्चिमेच्या वाऱ्यात सापडते. पाणी समुद्राकडे, वारा समुद्राकडून, अशा वेळी लहान होडी नांगरावर धड एका दिशेला राहत नाही आणि दोरी फेकणाऱ्याचे हाल होतात. अष्टमीला सकाळ मिळते, पण भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, पाण्याला जोर नसतो. म्हणून मला दशमी-एकादशी सोयीची वाटते : आठच्या आसपास भरती, दहा ते बाराच्या दरम्यान ओहोटीचा खरा जोर, आणि वारा अजून उठायचा असतो. पहाटे बेळगाव सोडले तरी हे गणित जमते. एकादशीला मासे धरायला निघालेल्या माणसाला घरातून काय ऐकावे लागते, ते पंढरीच्या वाटेवरच्या या मुलखात वेगळे सांगायला नको.

नांगर नेहमी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, बांधावा. मागून बांधला तर ओढीचे पाणी सपाट मागच्या बाजूवर आदळून होडीत येते, आणि ती बुडायला फार वेळ लागत नाही. माझा होडीवाला या एका बाबतीत कोणाचेही ऐकून घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

मी साधा गळ न वापरता फ्लाय, म्हणजे आकड्यावर बांधलेली बनावट मासोळी, का वापरतो, हाही पोटप्रश्न असतोच. साध्या गळात शिसे दोरीला ओढून नेते. इथे दोरीलाच वजन असते आणि जवळजवळ वजनहीन असलेली बनावट मासोळी तिच्यामागून जाते. आठ नंबरच्या दोरीचे (हा नंबर दोरीच्या वजनाचा) पहिले 30 फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात, तेवढ्यावरच सगळी फेक चालते. माझी आवडती मासोळी क्लाउजर मिनो, जी अमेरिकेतल्या बॉब क्लाउजर यांनी 1987 साली नदीतल्या बास माशांसाठी बांधली. पांढरे-हिरवे केस आणि आकड्याच्या दांडीवर डंबेलसारखे दोन जड डोळे, एवढाच तिचा पसारा. पण त्या डोळ्यांच्या वजनाने आकडा उलटा होतो, टोक वर राहते आणि कालवांनी भरलेल्या खडकांत ते सहसा अडकत नाही. ती ओहळाच्या तोंडाशी आडवी टाकून प्रवाहाबरोबर वळू द्यायची आणि दोरी वीतवीतभर ओढत राहायची. मासा लागला की काठी उचलण्याचा मोह आवरून दोरीच हाताने खेचायची, कारण काठी उचलली तर लागलेला आकडा माशाच्या तोंडातून निसटण्याचीच शक्यता जास्त. शेवटचा हातभर धागा जाड हवा, जिताड्याच्या कल्ल्यांची कड पात्यासारखी धारदार असते.

मग घरी काय आणता, हा शेवटचा प्रश्न. मिळालीच तर एखादी तांबोशी, म्हणजे तांबूस रंगाचा मासा. जिताडा पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे हातात आलेला थोराड मासा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तो मी होडीच्या कडेलाच, पाण्याबाहेर न काढता सोडून देतो. खायचा जिताडा कारवारच्या बाजारातून विकत घेतो, आणि तो बेळगावात पोचेपर्यंत एकादशी सुटलेली नसेल तर तो बारशीपर्यंत फ्रीजमध्ये राहतो.