“होईल गं पुढच्या वेळी” असं म्हणू नका प्लीज

माझ्या मावसबहिणीला पाचव्या महिन्यात अबॉर्शन करावं लागलं. अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळात काही दोष आहे का बघायची सोनोग्राफी) कळलं की बाळाची कवटीच तयार झाली नाहीये, जगण्याची शक्यताच नव्हती. तिला विचारूनच लिहितेय हे.

ट्रीटमेंट नीट झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला दूध आलं आणि असं होऊ शकतं हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. गाऊन पुढून ओला झालेला, छाती दगडासारखी, आणि रात्री दोन वाजता मला फोन करून बिचारी नुसती रडत होती. बायांनो, पाचव्या महिन्याच्या आसपास बाळ गेलं की दूध येऊ शकतं, ते थांबवायला गोळी असते, डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. तुमच्या घरात कोणाचं झालं असेल तर तुम्ही विचारा, तिला त्या वेळी सुचत नसतं.

मग सुरू झाले येणारे-जाणारे. “बरं झालं वेळेत कळलं”, “वय आहे अजून, होईल पुढच्या वेळी”, आणि सगळ्यात वाईट म्हणजे “बाहेर कोणाला सांगू नका हं”. सासूबाईंनी चांगल्या मनानेच कुंची आणि दुपटी माळ्यावर टाकली, पण तिला न विचारता. त्या कुंचीवरून ती जेवढी रडली तेवढी हॉस्पिटलमध्येसुद्धा रडली नव्हती. आधी विचारायचं ना तिला, ठेवू का काढू.

नवऱ्याचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. तो ऑफिसला गेला की सगळे विचारणार, “वहिनी कशा आहेत?” अरे, त्याचंपण बाळ होतं ना.

आणि सगळ्यांना दुःखच होतं असंही नाही. माझ्या एका मैत्रिणीने लग्नाआधी सातव्या आठवड्यात डॉक्टरांकडून अबॉर्शनच्या गोळ्या घेतल्या, तिला मोकळं वाटलं, आणि आपल्याला वाईट कसं वाटत नाही ह्याचंच तिला टेन्शन आलं. मोकळं वाटणं हा काही गुन्हा नाही. आपल्याकडे १९७१ पासून अबॉर्शनचा कायदा आहे, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, आणि लग्न झालंय की नाही ह्यावरून भेदभाव करायचा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. तरी तिला रिसेप्शनवर चारचौघांत “मिस्टर नाही आले?” विचारलंच.

अजून एक, नोकरी करणाऱ्यांसाठी. गर्भ आपोआप गेला किंवा कायदेशीर अबॉर्शन केलं तर सहा आठवडे पगारी रजा मिळते, कायद्यातच ही तरतूद आहे. बहिणीने सिक लीव्ह टाकली आणि आठ दिवसांत कामावर, कारण एचआरला कागद दाखवायचे म्हणजे सांगणं आलं.

मग करायचं काय? डबा न्या, मोठं मूल असेल तर त्याला संध्याकाळी खेळायला न्या, “बोलावंसं वाटतंय का?” विचारा आणि ती नाही म्हणाली तर गप्प शेजारी बसा. कारण विचारू नका. डिलिव्हरीची जी तारीख दिलेली असते ती लक्षात ठेवा, बाकीचे विसरतात, ती विसरत नाही, त्या दिवशी फोन करा. झोप-जेवण तुटलं, जगावंसं वाटत नाही असं बोलायला लागली तर वाट बघू नका, १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीपण चालू असतो आणि मराठीत बोलतात.