दिवा कोणी चालू ठेवला?

गेल्या आठवड्यात दुपारी विजेचे बिल आले आणि सवयीप्रमाणे माझी नजर मधले सगळे रकाने ओलांडून थेट एकूण रकमेवर जाऊन थांबली. मागच्या खेपेपेक्षा ती चांगलीच फुगलेली होती. ज्या घरात पगाराचे पैसे महिन्याच्या पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या पाकिटांत वाटले जातात, त्या घरात असा आकडा वाचून बाजूला ठेवता येत नाही; वरचा भाग दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटातून काढावा लागतो आणि कुठल्या, हे ठरवण्याआधी दोषी कोण याचा निकाल लावावासा वाटतो. मी उठले. न्हाणीघरात दिवा जळत होता आणि आत कोणी नव्हते. संध्याकाळपर्यंत मुलीला सरळ, नवऱ्याला जरा आडवळणाने आणि सासूबाईंना भिंतीकडे पाहत, असे तिघांनाही ऐकवून झाले होते.

दिव्यावरून बोलण्याची ही रीत मी बाबांकडून उचलली. खोलीतून बाहेर पडणाऱ्याचा हात आपोआप बटणाकडे गेला पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती आणि तो गेला नाही, तर "त्या खोलीत आता कोण राहतं, भुतं?" हा प्रश्न घरभर घुमत असे. मात्र नुसते ओरडून त्यांचे समाधान होत नसे. त्यांना आकडा लागत असे. आमचे मीटर दारावरच्या फळीवर होते आणि त्याच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती आडवी फिरत असे. तिच्या कडेवर एके ठिकाणी काळी खूण होती. ती खूण समोर आली, गेली, पुन्हा आली, की एक फेरी. आणि अशा 600 फेऱ्या झाल्या की एक युनिट, असे मीटरवरच लिहिलेले होते. हजार वॅटचे काहीही तासभर चालवले की एक युनिट होते, हे मला शाळेत कळण्याआधी स्टुलावर उभे राहून कळले.

एका सुटीच्या दुपारी बाबांनी घरातले सगळे बंद केले आणि मला स्टुलावर चढवले. स्वतः मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतले. आधी 100 वॅटचा बल्ब लावला. खूण गेली आणि बरोबर एका मिनिटाने परत आली. मग इस्त्री लावली, तेव्हा चकती अशी धावू लागली की खूण दर सहा सेकंदांनी समोर येई, आणि आई आतून "पुरे करा, तापली ती!" म्हणेपर्यंत आम्ही दोघे भान हरपून पाहत होतो. शेवटी झिरोचा बल्ब. नाव झिरो असले तरी तो 15 वॅट खातो, हे मला पटवून देण्याचा बाबांनी विडाच उचलला होता. चकती हलते आहे की नाही हे कळेना. माझे पाय दुखू लागले, मान अवघडली, खूण काचेच्या उजव्या कडेला नाहीशी झाली आणि डावीकडून फिरून पुन्हा समोर यायला तिने सहा मिनिटे चाळीस सेकंद घेतले. "बघ, झिरो कुठे आहे?" बाबा म्हणाले. एवढ्या वेळात मी मोठी होऊन जाईन, असे मला वाटले होते.

अशी फिरणारी चकती ही एका हंगेरियन अभियंत्याची, ओट्टो ब्लाथीची, 1889 सालची करामत आहे, हे मी फार उशिरा वाचले. त्याच्या आधी एडिसनच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. ठरावीक दिवसांनी माणूस येऊन त्या काढून नेई आणि त्यांचे वजन करून किती वीज वापरली ते ठरवी. त्या काळातल्या घरच्या बाईने त्या पट्टीकडे पाहून काय समजावे? चकती निदान डोळ्यांना दिसत असे.

बाबांचे सगळेच बरोबर होते असे नाही. पंखा ते कायम दोनवर ठेवत आणि त्यातून मोठी बचत होते असे शेवटपर्यंत मानत. भिंतीवरच्या रेग्युलेटरच्या काळ्या डब्याला हात लावला की तो कोमट लागे. पंख्याचा वेग कमी करून वाचवलेल्या विजेतली बरीचशी त्या डब्यातच तापून जात होती. तेव्हाचे रेग्युलेटर तसेच असत. पण उकाड्यात पंखा चारवर मागायची आमची छाती नव्हती.

बिल आले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी आमच्या मीटरसमोर जाऊन उभी राहिले. चकती जाऊन आता एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले असते की असे 3200 ठिपके म्हणजे एक युनिट. मी फ्रिजसकट सगळे बंद केले आणि फक्त न्हाणीघरातला तो आरोपी दिवा लावला. नऊ वॅटचा. एक ठिपका चमकला, आणि पुढचा चमकायला दोन मिनिटे पाच सेकंद लागली. मग दिवा बंद करून पाणी तापवण्याचा गिझर लावला. ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा चमकू लागला. तो चमकत नव्हता, थरथरत होता. मी कागद घेऊन बसले. 15 लिटरच्या एका बादलीचे पाणी पंचवीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज लागते, आणि तेवढ्याच विजेत न्हाणीघरातला दिवा सलग अठ्ठेचाळीस तास जळतो. म्हणजे मुलगी दिवा विसरून दोन दिवस गावाला गेली असती, तरी माझ्या एका बादलीएवढाच खर्च झाला असता. ती बादली मी रोज सकाळी कोणालाही न विचारता घेते आणि तिच्यावरून मला आजवर कोणी बोललेले नाही.

खरे म्हणजे घरातली जी वीज डोळ्यांना दिसते ती थोडकी असते आणि जी उष्णता वाढवण्यात किंवा घालवण्यात जाते ती पोटभर खाते. तरी बोलणी दिव्याला, कारण तो अंधारात पकडला जातो. मोबाइलचा चार्जर नुसताच खोचून ठेवलेला दिसला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो वर्षभर तसाच राहिला तरी चार-पाच युनिटांपलीकडे जात नाही हे माहीत असूनही मी तो उपसतेच. उलट टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही चालू असल्यासारखाच खात राहतो, पण त्याच्यावर कापड घातलेले असल्याने तो घरातला सभ्य माणूस समजला जातो.

बिनपैशाची कामे मी त्याच दुपारी उरकली. गिझरचा काटा खाली आणला, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, त्याच्या दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला. कागद सहज निघून आला, म्हणजे गारवाही तिथूनच निघून जात असणार. पैसे लागणारी कामे मात्र जिथल्या तिथे राहिली. अर्ध्याहून कमी वीज घेणारे पंखे मिळतात आणि ते काही वर्षांत आपली किंमत वसूल करतात, हे मला ठाऊक आहे. पण ती किंमत आधी द्यावी लागते, वसुली नंतर होते, आणि आमच्या पाकिटांमध्ये 'नंतर' नावाचे पाकीट नाही. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याकडेच जुना फ्रिज आणि जुना पंखा असतो, आणि वीज कशी वाचवावी हेही त्यालाच सांगितले जाते. याचा मला राग येतो.

सगळे उरकल्यावर, बाबांनी सर्वांत आधी केले असते ते मी सर्वांत शेवटी केले: बिल वरून खाली वाचले. मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार, वीज आकार आणि गुणक अवयव नावाचा तो गूढ रकाना, ज्यात आमच्या बिलावर तरी नेहमी 1 हाच आकडा असतो. मग तारखा पाहिल्या. मागचे बिल अठ्ठावीस दिवसांचे होते आणि हे छत्तीस दिवसांचे. मागच्या खेपेला 196 युनिट, म्हणजे दिवसाला सात. या खेपेला 245, म्हणजे दिवसाला सातच्याही खाली, 6.8. रक्कम फुगली होती, कारण दिवस वाढले होते. रोजचा वापर एवढी बोलणी खाणाऱ्या माणसांनी आधीच कमी केलेला होता.

हे मी अजून घरात कोणाला सांगितलेले नाही. मुलगी सध्या न्हाणीघरातून बाहेर येताना बटण असे जोरात दाबते की ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येते, आणि सासूबाई संध्याकाळी अंधार पडून बराच वेळ झाला तरी दिवा न लावता बसून असतात. आज त्यांच्या खोलीतला दिवा मीच जाऊन लावला. त्यांनी काही विचारले नाही.