प्लग ओढला तेव्हा पॅकेज कुठे होतं: घरच्या क्लस्टरची नोंद

मंडळी, घरचं क्लस्टर, म्हणजे एक मशीन पडलं तर दुसऱ्याने काम उचलावं अशी जोडलेली मशीनं, आता चार लोकांत बोलण्याइतपत उभं राहिलंय. बरेच जण विचारत होते, एसएसआयएसची (एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटा आणून भरणाऱ्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसची) सर्व्हिस क्लस्टरमध्ये टाकली का? नाही टाकली आणि टाकणारही नाही. खरी गोम तिथेच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

मांडणी थोडक्यात अशी. भुसावळला घरी ऑफिसातून निघालेले दोन डेस्कटॉप नोड, म्हणजे क्लस्टरमधली मशीनं, म्हणून लावलेत. तिसऱ्या मशीनवर डोमेन कंट्रोलर (खाती आणि लॉगिन सांभाळणारा) आणि आय-स्कझी टार्गेट, म्हणजे दोन्ही नोडना नेटवर्कवरून मिळणारी शेअर्ड डिस्क. वर विंडोज फेलओव्हर क्लस्टर आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन, एकच क्लस्टर्ड इन्स्टन्स, म्हणजे एका वेळी एकाच नोडवर चालणारा डेटाबेस सर्व्हर. तिसरं मशीन आणि नेटवर्क स्विच इन्व्हर्टरवर आहेत, दोन नोड मात्र मुद्दाम वेगवेगळ्या लाइनवर. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि लाइटचा भरवसा राहत नाही, तेव्हा सरावाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

डेटाही घरचाच. मामेभाऊ रावेरला असतो, तो रोजची एक्सेल शीट पाठवतो: केळीचा प्रकार, क्विंटलचा भाव, किती गाड्या भरल्या. पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडे, तेही त्यात येतं. रात्री एसएसआयएसचं पॅकेज, म्हणजे डेटा उचलून भरायच्या पायऱ्यांचा संच, चालतं आणि हे सगळं टेबलात उतरतं.

आता सर्व्हिसचं. इंटिग्रेशन सर्व्हिसेस २००५ साली डीटीएस या जुन्या साधनाच्या जागी आली. तिची विंडोज सर्व्हिस क्लस्टर ओळखत नाही. जेनेरिक रिसोर्स करून तिला क्लस्टरमध्ये बसवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट स्वतःच ते करू नका म्हणतं. कारण साधं आहे: पॅकेज चालायला ती सर्व्हिस लागतच नाही. जुन्या पद्धतीत डीटीएक्झेक हा प्रोग्रॅम पॅकेज चालवतो, २०१२ च्या कॅटलॉगपासून (पॅकेजं आणि त्यांच्या नोंदी ठेवणारा एसएसआयएसडीबी डेटाबेस) इन्स्टन्स स्वतः वेगळी प्रोसेस उभी करून चालवतो. सर्व्हिसचं काम जुन्या साठ्यातली पॅकेजं दाखवणं आणि सांभाळणं एवढंच. तिला उचलून दुसऱ्या नोडवर नेलं तरी अर्ध्यावर तुटलेलं पॅकेज काही पुढे चालू होत नाही.

म्हणून दोन्ही नोडवर एसएसआयएस स्वतंत्र इन्स्टॉल केलं. हे लक्षात ठेवा: दुसरा नोड क्लस्टरमध्ये जोडताना ते आपोआप येत नाही, तिथे सेटअप वेगळा चालवावा लागतो. ज्यांची पॅकेजं अजून एमएसडीबी या सर्व्हरच्या सिस्टीम डेटाबेसात आहेत त्यांनी दोन्हीकडच्या सर्व्हिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डॉटच्या जागी क्लस्टरचं व्हर्च्युअल नाव घालावं, म्हणजे कुठूनही तोच साठा दिसतो. माझी सगळी कॅटलॉगमध्ये आहेत. एसएसआयएसडीबी शेअर्ड डिस्कवर असल्यामुळे ती इन्स्टन्सबरोबरच हलते, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या एजंटचे जॉबही तसेच.

जे हलत नाही त्याची यादी भिंतीवर चिकटवली आहे. एक्सेल वाचणारा एसीई ड्रायव्हर, ३२ बिट की ६४ बिट ते पाहून, दोन्ही नोडवर हवा. ओडीबीसीचे डीएसएन (डेटाबेस-जोडणीच्या नोंदी) दोन्हीकडे हवेत. सी ड्राइव्हवरचा एकही पाथ पॅकेजमध्ये नको, सगळं नेटवर्क शेअरवरून. आणि जुन्या पद्धतीत पॅकेज ठेवणाऱ्यांनी प्रोटेक्शन लेव्हल तपासावी: डीफॉल्ट लेव्हल ज्या युझरने पॅकेज सेव्ह केलं त्याच्या किल्लीने पासवर्ड कुलूपबंद करते, दुसऱ्या खात्याखाली तो उघडत नाही.

आता प्लगकडे. पॅकेज डेटा फ्लोमध्ये असताना, म्हणजे ओळी टेबलात पडत असतानाच, चालू नोडची वायर भिंतीतून ओढली. हार्टबीट (नोड जिवंत असल्याचा संदेश) थांबली, क्लस्टरने नोड गेला असं धरलं, डिस्क दुसऱ्या नोडकडे गेली, इन्स्टन्स तिथे चालू झाला आणि डेटाबेसची रिकव्हरी झाली. मग कॅटलॉग उघडला. ते एक्झिक्युशन २ वर, म्हणजे ‘चालू’ असं अडकून राहिलं नव्हतं, ६ दाखवत होतं: अनपेक्षितपणे संपलं. इन्स्टन्स उठताना कॅटलॉगची एक स्टार्टअप प्रोसिजर धावते आणि अर्धवट राहिलेल्या नोंदींची स्थिती दुरुस्त करते. मला ही गोष्ट फार आवडली, कारण आता एजंटचा जॉब त्याच ६ वर नजर ठेवतो आणि पॅकेज पुन्हा चालवतो.

पुन्हा चालवायचं तर ते दोनदा चाललं तरी आकडे बिघडता कामा नयेत. माझ्या मते हाय अव्हेलेबिलिटीचं (सेवा बंद पडू न देण्याचं) निम्मं काम इथेच आहे, आणि ते क्लस्टरच्या विझार्डमध्ये कुठेच मिळत नाही. डेस्टिनेशनवर कमिटचा आकडा लहान असेल तर तुटलेल्या लोडच्या काही ओळी टेबलात पक्क्या बसलेल्या असतात. त्यावर पुन्हा लोड केला की त्या ओळी दुहेरी. नवती या प्रकारच्या केळीचा भाव दोनदा आला तर सरासरी जेमतेम हलते, कुणाच्या ध्यानात येत नाही. पण गाड्या दोनदा मोजल्या गेल्या की रावेरची बेरीज फुगते आणि त्या दिवशी केळी तुफान गेली असं वाटतं. म्हणून आधी स्टेजिंग, म्हणजे तात्पुरतं, टेबल रिकामं, मग त्यात लोड, मग मुख्य टेबलात मर्ज (असलेली ओळ बदलायची, नसलेली घालायची), आणि किल्ली तीन खान्यांची: ठिकाण, प्रकार, तारीख. तीच शीट पुन्हा कितीही वेळा आली तरी ओळ एकच राहते.

चेकपॉइंटही (कुठवर काम झालं ते फाइलमध्ये नोंदण्याची सोय) लावून पाहिले. फाइल नेटवर्क शेअरवर ठेवली, टास्कवर फेल-पॅकेज-ऑन-फेल्युअर चालू केलं. झालेले टास्क ते वगळतात, पण डेटा फ्लोच्या मधून पुढे जात नाहीत, तो पहिल्यापासूनच सुरू होतो. फोरीच लूपही तसाच. फाइल डाउनलोड करणारा लांबलचक टास्क आधी असेल तर उपयोग आहे. माझ्या छोट्या पॅकेजला स्टेजिंग आणि मर्ज पुरे झाले, चेकपॉइंट काढून टाकले.

या मांडणीत सगळ्यांचा भार तिसऱ्या मशीनवर आहे. तिथली डिस्क गेली की दोन्ही नोड रिकामे. म्हणून पुढचा टप्पा अव्हेलेबिलिटी ग्रुपचा, शेअर्ड डिस्कशिवाय, प्रत्येक नोडवर डेटाबेसची स्वतःची प्रत. तिथे गणित बदलतं. प्रत्येक नोडची सर्व्हिस मास्टर की (तिथल्या इन्स्टन्सची मूळ किल्ली) वेगळी, त्यामुळे फेलओव्हरनंतर एसएसआयएसडीबीची मास्टर की पासवर्डने उघडून नव्या नोडच्या किल्लीशी बांधावी लागते. २०१६ पासून कॅटलॉगवर ऑलवेज-ऑनचा, म्हणजे याच ग्रुपचा, सपोर्ट चालू करता येतो आणि हे काम एक मॉनिटर जॉब करतो. एमएसडीबी ग्रुपमध्ये येत नाही, म्हणून माझे एजंट जॉब दोन्ही नोडवर लिहून पहिल्या स्टेपला ‘आपण प्रायमरी, म्हणजे सध्याचा मुख्य नोड, आहोत का’ ही तपासणी घालावी लागेल. शिवाय इन्स्टन्स दुसऱ्या नोडवर आधीच चालू असतो, तो नव्याने उठत नाही. मग त्या ६ चं काय होतं, हे आधी बघायचंय. कुणी घरी हे करून पाहिलं असेल तर प्लग ओढल्यानंतर कॅटलॉगमध्ये कोणता आकडा दिसला तेवढं कळवा.