आण्णा तोंडाकडं बघून ऐकतात

आमच्या आण्णांचं सगळं आयुष्य इचलकरंजीत मागावर गेलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर, आणि पाळी बारा तासांची. तिथं ओरडून कुणाला काही सांगता येत नाही. धोटा अडकला, सूत तुटलं, चहा आला, सगळं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून कळतं. आता त्यांचे कान गेलेत. ती सवय मात्र टिकली, आणि आज ते घरातल्या बोलण्यात आहेत ते तिच्याच जोरावर.

"आवाज येतोय गं, पण कळंना," असं ते म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. गोंगाटानं कान बिघडतो तेव्हा आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. आ, ओ, ऊ दणदणीत पोचतात. स, त, प, क विरून जातात. 'पाट' आणि 'ताट' आण्णांच्या कानाला एकच. पण 'प'ला ओठ मिटतात, 'त'ला मिटत नाहीत, आणि तेवढं त्यांना पुरतं. उलट 'पार', 'बार', 'मार' ओठांवर हुबेहूब सारखे. तिथला फरक गळ्यातल्या कंपाचा आणि नाकातून जाणाऱ्या हवेचा. तो खालच्या पट्टीतला, म्हणून त्यांचा कान तो अजून पकडतो. कानाला जे निसटतं, त्यातलं बरंचसं ओठांवर असतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि हे फक्त कमी ऐकू येणाऱ्यांचं नाही. सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं, की गोंगाट जितका जास्त तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा उपयोग जास्त. पुढं १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रफितीवर 'बा' हा आवाज चढवला. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं 'दा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'. खुबी आधी सांगितली तरी उघड्या डोळ्यांना 'दा'च ऐकू येतो. मी स्वतः हेडफोन लावून बघितलंय.

म्हणून घरी येणारा प्रत्येक जण आण्णांच्या कानाशी जाऊन ओरडतो, तेव्हा मला राहवत नाही. ओरडण्यानं स्वर फुगतात, व्यंजनं तिथंच राहतात, आणि कानाशी गेल्यावर तोंड दिसत नाही ते वेगळंच. समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ दे, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. आण्णांची खुर्ची मी खिडकीकडं पाठ करून ठेवलीय, म्हणजे समोरच्याचा चेहरा उजेडात राहतो. आमच्या एका काकांच्या झुपकेदार मिशा वरचा ओठ पार झाकतात. त्यांचं बोलणं आण्णांना निम्मंच कळतं. काकांना मी मिशा कापायला सांगितलंय. अजून ऐकत नाहीत.

साध्या फोनवर आण्णांना एक वाक्य धड कळत नाही, पण पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर आला की मॅचवर भरपूर गप्पा होतात. नेट अडखळून आवाज ओठांच्या पुढं पळाला, की मात्र ते लगेच वैतागतात. एरवी प्रकाश आधी पोचतो आणि आवाज मागून येतो, त्यामुळं उलटा क्रम मेंदूला चटकन खटकतो. मग नातवाला हुकूम सुटतो, "ठेव आणि परत लाव. तुझं तोंड एकीकडं आणि बोलणं एकीकडं चाललंय."